परक्या तोंडातलं हसू

एरवी एखादी कवळी परत आली की भिंगरी गळा काढायची, "आली गं बाई परत, सासरी नांदली नाही!" आणि सगळी लॅब हसायची. आठ महिन्यांपूर्वी बारीकताईचा घटस्फोट झाला आणि तेव्हापासून भिंगरीनं ते वाक्य गिळून टाकलं. त्या शुक्रवारी महिन्याभरातली तिसरी कवळी परत आली, तेव्हा तिनं आपलं पॉलिशचं चाक बंद केलं, हात पुसले आणि आजारी माणसाच्या उशाशी औषध ठेवावं तशी ती डबी बारीकताईच्या टेबलावर अलगद ठेवली.

"सावकाश बघा, ताई. घाई नाही."

भिंगरी घाई नाही म्हणाली, म्हणजे कुठंतरी नक्की जळत होतं.

लॅब दातांची. शहरातले दहा-बारा डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप इथं पाठवत. त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतायचा, त्यावर मेणाचा थर द्यायचा आणि मेणात एकेक दात बसवायचा. अशी मेणातली कवळी आधी डॉक्टरांकडे जाई. पेशंट ती घालून बघे, हवं तर एखादा दिवस घरीही नेई, घरची माणसं मान वाकडी करून निरखत, आणि सगळ्यांना पटली की मगच मेण जाऊन पक्का माल भरला जाई. दाढा कुणीही बसवाव्यात. समोरचे सहा दात मात्र सव्वीस वर्षं बारीकताईनंच बसवले होते. अंगानं ती काही बारीक नव्हती, चांगली ऐसपैस होती. नाव पडलं होतं ते हातावरून. दात एका ओळीत उभे केले की ते कवायतीला आल्यासारखे दिसतात आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की हे विकतचे आहेत. खऱ्या तोंडात काहीतरी चुकलेलं असतं. एक दात थोडा लांब, एक जरा वळलेला, कुठं दोघांत रेघेएवढी फट. प्रत्येक तोंडाची ती चूक शोधून काढायची आणि नखभर मेणात पुन्हा करून ठेवायची, हे बारीकताईचं कसब. तिची कवळी घातलेल्या माणसाला लोक विचारत, "दात अजून सगळे शाबूत दिसतात तुमचे?"

तिनं डबी उघडली. आत डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती. 'पेशंट तयार, पण पत्नीची हरकत. हे हसू यांचं नाही म्हणतात. फोटो परत एकदा बघावा.'

पेशंट होता एक निवृत्त बस कंडक्टर. सोबत त्याचा तरुणपणीचा फोटो होता, बसच्या दारात लोंबकळून हसतानाचा. फोटोत तोंड डाळीच्या दाण्याएवढं आणि दात म्हणजे नुसता पांढरा ठिपका. अशा ठिपक्यावरून तिनं आजवर शेकडो तोंडं उभी केली होती. मग आताच काय झालं?

तिनं खण उघडला. याआधी परत आलेल्या दोन कवळ्या तिनं मोडल्या नव्हत्या. एक होती बँकेतल्या पहारेकऱ्याची, दुसरी शिवणकाम शिकवणाऱ्या बाईंची. त्या दोघांना शेवटी मालकांनीच नवीन दात बसवून दिले होते. तिनं तिन्ही कवळ्या टेबलावर एका रांगेत ठेवल्या आणि दिवा जवळ ओढला.

तीन वेगळे जबडे. एक रुंद, एक अरुंद, एक म्हातारपणानं पार झिजलेला. आणि तिन्हींत मधल्या दोन दातांच्या शेजारचा, उजवीकडचा दात किंचित आत वळलेला, शेजाऱ्याच्या खांद्यावर कान टेकवल्यासारखा. त्याच्या पलीकडचा सुळा जरासा उचललेला, त्यामुळं ओठ त्या बाजूला आधी वर जाणार. म्हणजे हसू आधी अर्ध्या तोंडात येणार आणि मग उरलेल्या अर्ध्यात पसरणार.

हे तर यांचं हसू!

एकतीस वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला, तो टेबलावर तीनदा हसत होता. एकदा पहारेकऱ्याच्या तोंडातून, एकदा शिवणबाईंच्या आणि एकदा कंडक्टरच्या.

मालक दुपारी जवळ येऊन उभे राहिले. भला माणूस, वाईट बातमी सांगायची असली की आधी चष्मा पुसायचा. आत्ता त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

"बारीकताई, डॉक्टरीणबाईंचा फोन होता. गुरुवारी पुन्हा ट्रायल ठेवलीय कंडक्टरची."

"करते."

"यावेळी नाही पटलं, तर त्या काम दुसरीकडे देणार म्हणतायत. तसं झालं तर, म्हणजे मी आपला विचार करत होतो, समोरचे दात काही दिवस मी बसवीन. तुम्ही दाढांकडे बसा. डोक्याला आराम."

"काही दिवस म्हणजे किती?"

"बघू."

या 'बघू'चा अर्थ तिला ठाऊक होता. दाढांच्या टेबलावर गेलेलं माणूस परत समोरच्या दातांकडे आलेलं तिनं पाहिलं नव्हतं. दाढा कुणी बघत नाही. घरात ती आता कुणाची कुणी नव्हती, कागदोपत्री तर नव्हतीच. जगात जिथं तिच्यावाचून अडत होतं अशी ही एक खुर्ची उरली होती, आणि नवरा तिथंही येऊन बसला होता.

*

तसा तो घरातून गेला होता अगदी नीटनेटका. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्यानं जन्मभर नळांचे नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर वर्षभर घरी बसला आणि एका दुपारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाला, "आपण आता वेगळं राहू या का?" पडदे बदलू या का, अशा आवाजात. भांडण नाही, दुसरी बाई नाही, दारू नाही. आणि ती म्हणाली, "बरं." एकतीस वर्षांची सवय. त्यानं विचारायचं आणि तिनं बरं म्हणायचं. कोर्टातला कारकूनसुद्धा दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीनं बघत होता, यांचं बिनसलंय कुठं ते शोधत. सहा महिन्यांत सगळं आटोपलं. जाताना त्यानं भिंतीतले आपले खिळेसुद्धा काढून भोकं बुजवली होती.

माणूस एवढा पुसून गेला की मागं काही उरायला नको. पण उरलं होतं ते वेगळंच.

तो 'हं' म्हणायचा. गॅस संपत आलाय, हं. मुलीचा फोन होता, हं. पाठ दुखतेय माझी, हं. आता ती संध्याकाळी दार उघडून सवयीनं म्हणायची, "आले," आणि स्वयंपाकघरातून 'हं' यायचा. ती भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. चांगली शास्त्र शिकलेली होती. पहिल्यांदा तिनं नळ बघितला, खिडकी बघितली, फ्रीजला कान लावला. मग सोडून दिलं. काय करणार? तसा काही त्रास नव्हता त्याचा. आधी तरी त्या आवाजाचा दुसरा काय उपयोग होता?

कोचावर त्याच्या बसण्याचा खड्डा पडला होता. तिनं गादी उलटी केली. महिन्याभरात दुसऱ्या बाजूलाही तसाच खड्डा पडला आणि ती भीतीनं गार झाली. मग एका संध्याकाळी टीव्ही बघता बघता तिच्या लक्षात आलं की त्या जागी ती स्वतःच बसलीय. तिची जागा खिडकीजवळची. तिथं आता कुणीच बसत नव्हतं.

आणि सकाळी सव्वासहाला ती खांद्यावर टॉवेल टाकून बाथरूमबाहेर उभी राहायची. आतला माणूस बाहेर यायची वाट बघत. दहा-दहा मिनिटं. दार सताड उघडं असायचं.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीला तर नाहीच.

*

शनिवारी तिनं कंडक्टरचे दात पट्टी लावून बसवले. काटेकोर, एका रेघेत, सगळे एका उंचीचे. भिंगरीनं लांबूनच बघून ओठ मुडपले.

"बोल की," बारीकताई म्हणाली.

"ताई, खरं सांगू? ही कवळी पाण्याच्या ग्लासातच शोभेल. माणसाच्या तोंडात नाही."

"एवढी वाईट?"

"वाईट नाही हो. मेलेली आहे."

खरंच होतं. तिनं मेण तापवलं, दात उपसले, पुन्हा सुरुवात केली. स्पिरिटच्या दिव्यावर सुरी धरायची, मेणात टेकवायची, दात अंगठ्यानं दाबायचा, मेण गार होईपर्यंत श्वास धरायचा. यावेळी ती सारखी फोटोकडे बघत होती. ठिपक्याकडे, फक्त ठिपक्याकडे. पाच वाजता मान वर केली तर उजवीकडचा तो दात शेजाऱ्याच्या खांद्यावर कान टेकवून बसला होता. तिनं कधी वळवला, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. हात आपल्या मनानं घरी जाऊन आले होते.

तिनं ती कवळी डबीत घातली आणि पर्समध्ये टाकली. लॅबमध्ये ठेवली तर मालक बघतील, एवढाच विचार.

रविवारी लेक आली, चार वर्षांच्या नातीला घेऊन. लेक आली की आधी तपासणी. फ्रीज उघडून दुधाचा वास घेतला, गॅसची बटणं बघितली, औषधांची पाकिटं मोजली, दाराची साखळी ओढून पाहिली. मूल झाल्यापासून तिला सगळीकडे धोकेच दिसत. नातीला खुर्चीवर बसवताना खुर्चीसुद्धा एकदा हलवून बघायची.

"वजन उतरलंय तुझं."

"तूच तर म्हणत होतीस उतरव म्हणून."

"असं नव्हतं म्हणाले." लेकीनं नातीपुढं खडू आणि कागद टाकला आणि आवाज खाली आणला. "आई, एक विचारू? तुला आधी कळलं होतं का? म्हणजे काही लक्षण? काहीतरी असेलच ना. एकदम असं कुणी नाही जात."

लेकीची नखं कडेनं खाल्लेली होती. हा प्रश्न बाबांबद्दलचा नव्हता, हे बारीकताईनं ओळखलं. पोरगी आपल्या घरात नवऱ्याचा चमचा वाजला तरी अर्थ लावत बसत असणार.

"कशावरून विचारतेस? जावईबापू काही बोलले?"

"नाही गं, तो काहीच बोलत नाही. चांगलाच आहे. म्हणूनच." ती कसनुशी झाली. "बाबाही चांगलेच होते ना?"

एवढ्यात नातीनं पर्समधून डबी शोधून काढली होती. झाकण उघडून तिनं आत डोकावलं आणि अगदी काळजीनं विचारलं, "आजी, तू कुणातरी आजोबांचे दात घरी आणलेस, मग ते जेवले कसे?"

लेक हसली. नखं, काळजी, तपासणी सगळं विसरून, मान मागं टाकून हसली. ओठ आधी एका बाजूनं वर गेला, मग दुसऱ्या. आणि तो दात दिसला. आत वळलेला, शेजाऱ्याच्या खांद्यावर टेकलेला. बापाचा दात लेकीनं जसाच्या तसा उचलला होता. हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं, त्यात नवीन काहीच नव्हतं.

फक्त तो डावीकडे होता.

"परत हस," बारीकताई म्हणाली.

"काय?"

"हस गं जरा. ईऽऽ कर."

"आई, तुला बरं वाटतंय ना?"

तिनं नातीच्या हातातून कवळी घेतली आणि लेकीच्या तोंडाशेजारी धरली. लॅबमध्ये उजवं-डावं नेहमी पेशंटचं धरतात, पहिल्या दिवशी शिकवतात ते. सव्वीस वर्षांत तिची कधी गल्लत झाली नव्हती. कवळीत वळलेला दात उजवा. लेकीच्या तोंडात डावा.

"बाबांचा कुठल्या बाजूला आहे?"

"डाव्याच की. माझ्यासारखाच. तू काय एकतीस वर्षं बघितलं नाहीस का त्यांच्याकडे?" लेक थट्टेनं म्हणाली, आणि आईचा चेहरा बघून तिची थट्टा जागीच विझली. तिनं घाईघाईनं फोन काढला, जुना फोटो शोधला. कुठल्याशा लग्नात तो कुणाशी तरी बोलताना हसत होता. डावा दात. स्पष्ट.

बारीकताई खाली बसली. खिडकीजवळच्या आपल्या जागी, किती दिवसांनी.

रोज सकाळी पावणेसातला तो दाढी करायचा आणि ती मागं उभी राहून त्याच्या खांद्यावरून आरशात बघत वेणी घालायची. घर लहान होतं, आरसा एकच. दाढी झाली की तो गाल फुगवून, ओठ ताणून दात बघायचा. मग आरशातल्या स्वतःकडे बघून थोडासा हसायचा, बाहेर पडायच्या आधी जमतंय का ते बघितल्यासारखं. तिनं पाठ केलं होतं, ते हे हसू. आरशातलं. उलटं. समोरून बघितलं असतं तर डावा दात डावाच राहिला असता.

म्हणजे महिनाभर तिच्या बोटांतून जो येत होता, तो तिचा नवरासुद्धा नव्हता. काचेतला माणूस होता. त्याला तिनं एकतीस वर्षं सांभाळलं, आणि खरा माणूस पाठमोरा उभा होता.

"आई, पाणी देऊ?"

"लक्षण विचारत होतीस ना," बारीकताई म्हणाली. "त्याच्याकडे समोरून बघत जा. एवढंच कळतंय मला. तो बघत नसेल तर विचार, का बघत नाहीस म्हणून. भांड हवं तर. बरं म्हणू नकोस."

लेकीनं नातीच्या हातातला खडू काढून घेतला, कारण नात तो चावत होती, आणि मग बराच वेळ तो हातात धरून बसली.

*

सोमवारी तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"गुरुवारच्या ट्रायलला मी येऊ का?"

"तुम्ही? लॅबचं कुणी येत नाही कधी."

"माहितेय. मला पेशंट बघायचाय. आणि त्याची बायको."

"बायको जरा कडक आहे हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मालकांनी चष्मा पुसला, पण अडवलं नाही. गुरुवारी ती स्पिरिटचा दिवा, सुरी, मेणाच्या पट्ट्या आणि दातांचा डबा घेऊन दवाखान्यात गेली. सव्वीस वर्षं तिनं प्लास्टरच्या जबड्यांवर काम केलं होतं. प्लास्टर बोलत नाही, हलत नाही, कुणाची आठवण काढत नाही. खुर्चीत बसलेला म्हातारा बघून ती बावरली. त्याचे गाल आत गेलेले, आणि डोळे मात्र भर गर्दीच्या वेळच्या बससारखे हलते. शेजारी स्टुलावर त्याची बायको, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"तुम्हीच का त्या?" बायको म्हणाली. "बाई, राग मानू नका. कवळी झकास आहे. शेजारणीला दाखवली तर ती म्हणाली, दहा वर्षांनी तरुण दिसतायत. पण सकाळी उठून माझ्यासमोर बसले ना, तर मला वाटलं परका पुरुष घरात शिरलाय. मी पदर सारखा केला हो!"

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा," म्हातारा बोळक्या तोंडानं म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तोंड उघडं ठेवा."

"गप्प बसू की उघडं ठेवू?"

बारीकताईनं फोटो पुढं केला. "हा तुम्हीच दिला होता ना? यात असेच दिसतात."

बायकोनं फोटोकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "हे लोकांसाठीचं आहे. तिकीट देतानाचं. असं हसले की बसमधली माणसं सुटे पैसे काढून द्यायची. घरी असे कुठं हसतात?"

"घरी कसे हसतात?"

बाई खुर्चीतल्या नवऱ्याकडे वळून, तो तिथं नसल्यासारखंच, सांगू लागली. घरी हसताना ओठ फार उघडत नाही. मधले दोनच दिसतात, त्यातला एक जरा लांब, टोकाला टवका उडालेला, भाऊबंदांच्या मारामारीत. तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. शेजारचा पडला थोरलीच्या जन्माच्या वर्षी, मग ते त्या बाजूला जीभ लावून हसायला लागले. बाई सांगत होती आणि बारीकताई मेणात सुरी घालत होती. तिनं आधीचे दात उपसले. एक बसवला. म्हाताऱ्याच्या तोंडात घातला.

"हसा."

"नाही," बायको म्हणाली. "लांब करा अजून."

काढला, तापवला, ओढला.

"आता उजवीकडचा आत घ्या. एवढा नाही, थोडा. हां."

प्रत्येक वेळी हात त्या जुन्या वळणाकडे झुकत होता. तिला तो झुकताना कळत होता, आणि तोच फरक होता. कळलं की ती थांबायची, खुर्चीतल्या माणसाकडे बघायची. तो बायकोकडे बघत असायचा. सरळ, समोरून.

आपल्या नवऱ्यानं असं बघितल्याची वेळ आठवायचा तिनं प्रयत्न केला. जेवताना, आजारपणात, लेक झाली तेव्हा. तो लेकीकडे बघून हसला होता, परिचारिकेकडे, दारात आलेल्या शेजाऱ्यांकडे. तिच्याकडे बघून हसताना मधले दोन दिसायचे की चार? तिला माहीत नव्हतं. दातांवर पोट असलेल्या बाईला हे माहीत नव्हतं. तिनं सुरी दिव्यावर धरली आणि ती जरा जास्तच तापली.

"घरी तुमच्या यांना दाखवता का काम?" बायकोनं आपलं सहज विचारलं.

"घटस्फोट झाला आमचा," बारीकताई म्हणाली. हे वाक्य तिनं याआधी फक्त कागदावर वाचलं होतं. "आठ महिने झाले."

बाईचा हात पर्सवर थबकला. डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. म्हाताऱ्यानं तोंडातली कवळी काढली, हातात धरली आणि गंभीरपणे विचारलं, "कितव्या स्टॉपला उतरले?"

"अहो!" बायकोनं त्याच्या दंडावर फटका मारला.

"एकतिसाव्या," बारीकताई म्हणाली, आणि तिला हसूच फुटलं. मग डोळ्यांतून पाणी आलं, मग पुन्हा हसू. तिला काहीच आवरेना. म्हातारा मान डोलावत म्हणाला, "चूक त्यांची नाही, तुमचीही नाही. कंडक्टरला विचारा. काही माणसं बसतात तेव्हाच दाराकडे तोंड करून बसतात." आणि त्यानं कवळी परत तोंडात घातली, बायकोकडे वळला आणि ओठ जरासे उघडले.

मधले दोनच. एक लांब, टवका उडालेला.

बायको बघत राहिली. मग ती नाक ओढून म्हणाली, "हेच ते. खोटं बोलताना अस्संच दिसायचं तोंड."

*

कंडक्टरची कवळी पक्की झाली. डॉक्टरीणबाईंनी मालकांना फोन केला. मालकांनी चष्मा न पुसता सांगितलं, "तुमच्या टेबलाला हात लावत नाही मी." भिंगरीनं चाकावर त्या दातांना अशी काही चकाकी आणली की बस.

पुढच्या सोमवारी नवीन जबडा आला. बाईचा, लहानसा, कडा झिजलेल्या. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'फोटो नाही. नातेवाईक कुणी नाहीत. दात कसे होते ते पेशंटला आठवत नाही. तुम्हाला योग्य वाटेल तसे बसवावेत.'

बारीकताईनं दिवा लावला. मेण मऊ केलं. मधला पहिला दात चिमटीत धरला आणि हाताला मोकळं सोडलं, भीतभीतच. येईल तो. काचेतला. खांद्यावर कान टेकवून येईल.

कुणी आलं नाही.

तिनं थोडी वाट पाहिली. हात मेणावर तसाच. काहीच येईना, ना उजवा, ना डावा, ना हसू, ना त्या 'हं'सारखं काही. इतके दिवस ती हेच मागत होती. आणि आता ते मिळाल्यावर तिच्या मानेवर काटा उभा राहिला. रिकाम्या घरात आपलाच श्वास ऐकू यावा, तसं. तो नव्हता तर तिथं आता कोण होतं? सव्वीस वर्षांत या हातांनी एवढी तोंडं केली, त्यात यांचं स्वतःचं असं काही होतं का कधी?

"ताई, झोप लागली का बसल्या बसल्या?" भिंगरी चाकावरून ओरडली.

"नाही गं."

"मग?"

"सुचत नाहीये."

"त्यात काय एवढं! बसवा एक कुठंतरी. चुकला तर काढता येतोच की."

बारीकताईनं जबडा आपल्याकडे फिरवून घेतला, समोरून. या बाईला मी कधी पाहिलेलं नाही, ती मनाशी म्हणाली, आणि हिनं मला. मेण गार व्हायला लागलं होतं. तिनं सुरी पुन्हा दिव्यावर धरली, दात मेणात टेकवला, दाबला आणि श्वास धरला.

थोडा वाकडा बसला. कुणाचाच नसलेला वाकडेपणा. तिनं तो काढला नाही. दुसरा दात उचलला.